देणगीची पेटी की तिजोरीतील हक्काचा वाटा?
जयपूरच्या अनुभवाचा धडा

२१ मार्च २०२३ रोजी राजस्थान विधानसभेने आवाजी मतदानाने आरोग्य हक्काचे विधेयक मंजूर केले. आरोग्यसेवा हा नागरिकाचा कायदेशीर हक्क आहे असे मान्य करणारे हे देशातील पहिले राज्य ठरले. अपघात, सर्पदंश किंवा प्रसूतीतील संकट अशा आणीबाणीच्या प्रसंगी रुग्णाकडून आगाऊ रक्कम न मागता उपचार सुरू करण्याचे बंधन या कायद्याने रुग्णालयांवर घातले. विधेयक मंजूर होण्यापूर्वीच जयपुरातील खासगी रुग्णालयांनी त्याविरुद्ध आघाडी उघडली होती. मंजुरीनंतर रुग्णालये बंद ठेवण्यात आली, डॉक्टरांचे मोर्चे निघाले आणि सरकारी रुग्णालयांतील निवासी डॉक्टरही त्यांच्या पाठिंब्यासाठी कामावरून दूर राहिले. सवाई मानसिंह रुग्णालयाच्या दारात दूरदूरच्या गावांतून आलेले रुग्ण ताटकळत राहिले. ४ एप्रिल रोजी सरकारने आंदोलकांशी आठ कलमी समझोता केला. पन्नासपेक्षा कमी खाटांची खासगी रुग्णालये आणि सरकारकडून जमीन अथवा अन्य सवलत न घेतलेली खासगी रुग्णालये कायद्याच्या कक्षेतून बाहेर ठेवण्याचे मान्य झाले. कायद्यावर राज्यपालांची मोहोर उमटली खरी, परंतु त्याचे नियम काही तयार झाले नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये सरकार बदलले. मंजुरीला दोन वर्षे उलटून गेल्यावरही हा कायदा नियमांवाचून कागदावरच पडून होता.

या घटनेकडे केवळ एका राज्यातील सरकार व डॉक्टर यांच्यातील तंटा म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. उपेक्षित जनतेपर्यंत आरोग्यसेवा पोहोचवायची तर तिचा पैसा कोठून यावा, तो कोणाच्या हाती असावा आणि त्याचा हिशेब कोणी कोणाला द्यावा, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे. गेल्या तीस वर्षांत या प्रश्नाची जितकी म्हणून उत्तरे देशात दिली गेली, ती जवळजवळ सर्व एकट्या जयपूर शहरात शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. म्हणूनच महाराष्ट्रातील आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी भाषिक कार्यकर्त्यांनीही जयपूरचा अनुभव बारकाईने तपासला पाहिजे.

रुग्णालयाने स्वतःच कमवावे!

पहिले उत्तर १९९५ सालचे आहे. नव्या आर्थिक धोरणाला तेव्हा चार वर्षे झाली होती. जागतिक बँकेने १९९३ च्या आपल्या अहवालात आरोग्यक्षेत्राच्या पुनर्रचनेचा आराखडा मांडला होता आणि सरकारी खर्चाला कात्री लावण्याचे वारे सर्वत्र वाहत होते. अशा वातावरणात राजस्थान सरकारने मोठ्या सरकारी रुग्णालयांत 'मेडिकेअर रिलीफ सोसायटी' नावाच्या नोंदणीकृत संस्था स्थापन केल्या. देणग्या गोळा कराव्यात, तपासण्यांसाठी व खाटांसाठी रुग्णांकडून शुल्क घ्यावे आणि त्या पैशातून रुग्णालयाच्या गरजा भागवाव्यात, अशी ही व्यवस्था होती. शेजारच्या मध्य प्रदेशात इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयातून सुरू झालेली रोगी कल्याण समिती याच जातीची. पुढे हाच साचा देशभर पोहोचला आणि महाराष्ट्रात तो रुग्ण कल्याण समिती या नावाने परिचित झाला.

या संस्थांच्या हाती आलेल्या पैशातून काही चांगली कामे झाली हे नाकारण्याचे कारण नाही. तुटलेली खाट दुरुस्त करण्यासाठी सचिवालयाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही, ही सोय लहान नव्हे. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना शुल्कातून सूट देण्याची तरतूदही होती. तथापि सूट मिळवण्यासाठी आधी आपण गरीब आहोत हे कागदाने सिद्ध करावे लागते. ज्याच्याकडे तो कागद नाही असा बिहारमधून आलेला बांधकाम मजूर, अथवा ज्याचे नाव गावच्या यादीतून वगळले गेले असा शेतमजूर, रुग्णालयाच्या खिडकीपाशी श्रीमंत ठरतो. शिवाय सोसायटीचे उत्पन्न वाढू लागले की अर्थखात्याला अनुदान आखडते घेण्याचे निमित्त मिळते. पूरक म्हणून आलेला पैसा अशा रीतीने मूळ पैशाची जागा घेऊ लागतो, आणि आजारी माणसाच्या खिशातून आलेल्या रकमेला 'लोकसहभाग' असे गोंडस नाव दिले जाते!

दानशूरतेची मर्यादा

राजस्थानात मोठ्या देणगीदाराला 'भामाशाह' म्हणण्याची प्रथा आहे. मारवाडी व जैन समाजातील दानाची परंपरा जुनी असून शाळा, धर्मशाळा आणि दवाखाने तिच्यातून उभे राहिले आहेत. तिचे सर्वोत्तम उदाहरण म्हणून जयपूर फूटकडे बोट दाखवले जाते. या कृत्रिम पायाची जन्मकथा मात्र नीट सांगितली जात नाही.

हा पाय १९६८ च्या सुमारास सवाई मानसिंह रुग्णालयात, म्हणजे एका सरकारी रुग्णालयात तयार झाला. तेथील पगारी शल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि शाळेचे फारसे शिक्षण न झालेले कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या सहकार्यातून तो घडला. परदेशी बनावटीच्या पायाने उकिडवे बसता येत नव्हते आणि अनवाणी शेतात उतरता येत नव्हते. रबर व लाकूड वापरून केलेल्या या पायाने दोन्ही शक्य केले. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्याच्या हातांनी तो पाय घडवला त्या कारागिराच्या वाट्याला तितकी कीर्ती कधी आली नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने पुढे देणग्या आणि सरकारी अनुदान यांच्या आधारे हा पाय लाखो गरजूंना विनामूल्य पुरवला. या कार्याचे मोल मोठे आहे. पण त्याचा पाया सरकारी रुग्णालय, सरकारी पगार आणि श्रमिकाचे कौशल्य यांनी घातला, दान त्यानंतर आले. सार्वजनिक व्यवस्थाच मोडीत निघाली तर उद्याच्या दानाला पोसण्यासारखे काय उरणार?

डिसेंबर २०१९ मध्ये जयपूरच्या वस्त्यांत 'जनता क्लिनिक' सुरू झाली, तेव्हाही देणगीदारांच्या मदतीचा आधार घेण्यात आला. वस्तीत दवाखाना आला याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु देणगीदार आपल्या सोयीची जागा, आपल्या आवडीची वस्तू आणि आपल्या नावाची पाटी पाहतो. डॉक्टर आणि परिचारिकेचा दरमहाचा पगार, दर आठवड्याची औषधे, विजेच्या तारांची देखभाल यांवर पाटी लावता येत नाही. ५ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री सवाई मानसिंह रुग्णालयाच्या ट्रॉमा सेंटरमधील अतिदक्षता विभागाला आग लागली आणि किमान सहा रुग्ण प्राणास मुकले. राजधानीतील सर्वात मोठ्या सरकारी रुग्णालयात, ज्यांना अंथरुणावरून उठताही येत नव्हते अशी माणसे धुराने गुदमरून मेली. रुग्णालयांची सुरक्षितता आणि देखभाल हा वर्षानुवर्षे, नियमितपणे, हक्काने मिळणाऱ्या पैशाचा विषय आहे. ती कोणाच्या औदार्यावर सोडता येत नाही, याचा याहून भीषण पुरावा कोणता हवा?

औषधाच्या खिडकीवरचा विजय

याच जयपूरमधून उलट दिशेचेही उदाहरण निघाले आहे. २ ऑक्टोबर २०११ रोजी राजस्थान सरकारने मुख्यमंत्री निःशुल्क दवा योजना सुरू केली. सरकारी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला, त्याचे उत्पन्न न विचारता, यादीतील औषधे फुकट देण्याचा तो निर्णय होता. तमिळनाडूच्या धर्तीवर त्याच वर्षी राजस्थान वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले आणि औषधे त्यांच्या मूळ नावाने, निविदा मागवून, घाऊक दराने खरेदी केली जाऊ लागली. त्यामागे चित्तोडगडचा अनुभव होता. तेथे जिल्हाधिकारी डॉ. समित शर्मा यांनी सहकारी दुकानांतून मूळ नावाची स्वस्त औषधे उपलब्ध करून दाखवली होती, आणि 'प्रयास' व जन स्वास्थ्य अभियान यांसारख्या संघटनांनी वर्षानुवर्षे हा प्रश्न लावून धरला होता. ७ एप्रिल २०१३ पासून तपासण्याही विनामूल्य झाल्या.

या योजनेने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली. औषध महाग असते ते त्याच्या उत्पादनखर्चामुळे फार थोडे, आणि कंपनीचे नाव, जाहिरात, विक्रेत्याची दलाली व डॉक्टरला दिलेल्या भेटी यांमुळे फार अधिक. सरकारने ठरवले तर हा सारा बोजा एका फटक्यात दूर करता येतो. तसेच, सेवा सर्वांसाठी असली की गरिबीचा दाखला घेऊन रांगेत उभे राहण्याची मानहानी संपते. साठा संपणे, औषधविक्रेत्यांचा विरोध, औषधनिर्मात्यांच्या रिक्त जागा हे दोष या योजनेतही आले. परंतु ते निधी आणि मनुष्यबळ यांच्या टंचाईचे दोष आहेत. तत्त्व योग्य होते, म्हणूनच नंतरच्या कोणत्याही सरकारला ती योजना गुंडाळण्याचे धाडस झाले नाही.

विमा कोणासाठी?

त्यानंतर विम्याचे युग आले. १ मे २०२१ पासून राजस्थानात चिरंजीवी योजना लागू झाली. विनामूल्य गटात न बसणाऱ्या कुटुंबाने वर्षाला ८५० रुपये भरावेत आणि पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार घ्यावेत, अशी तिची रचना होती. ही मर्यादा पुढे दहा लाख आणि २०२३ मध्ये पंचवीस लाख रुपयांवर नेण्यात आली. सरकार बदलल्यावर २०२४ मध्ये योजनेचे नावही बदलले.

एखाद्या कुटुंबावर हृदयविकाराची किंवा कर्करोगाची कुऱ्हाड कोसळते तेव्हा असे कार्ड घर वाचवू शकते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु सामान्य माणसाच्या खिशातून आजारपणापायी जाणाऱ्या पैशाचा मोठा हिस्सा रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांवर आणि औषधांवर खर्च होतो. क्षय, मधुमेह, रक्तदाब, रक्तक्षय यांची रोजची झुंज विम्याच्या कार्डाबाहेर राहते. योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांतच कार्ड चालते. परिणामी सरकारी तिजोरीतील पैसा बारां किंवा डुंगरपूरच्या आदिवासी पाड्याकडे न जाता जयपूरच्या आलिशान रुग्णालयांकडे वळतो. आणि गंमत पाहा! सरकारी योजनेतून पैसा घेण्यास जे तयार असतात, त्यांच्यातीलच अनेकजण आणीबाणीच्या रुग्णाला आगाऊ रक्कम न घेता हात लावण्याचे बंधन आले की रस्त्यावर उतरतात.

तथापि २०२३ च्या आंदोलनातील सर्व डॉक्टरांना एकाच मापाने मोजणे न्याय्य होणार नाही. दहा खाटांचा दवाखाना चालवणाऱ्या गावच्या डॉक्टरचा प्रश्न खरा होता: आणीबाणीत उपचार केले तर त्याचा खर्च कोण, कधी आणि कोणत्या दराने भरून देणार? कायद्याने भरपाईचे आश्वासन दिले. परंतु त्यासाठी वेगळा, पुरेसा आणि वेळेवर मिळणारा निधी दाखवला नाही. योजनांची देयके महिनोन्‌महिने अडकल्याच्या तक्रारी ज्याने ऐकल्या आहेत तो अशा आश्वासनावर कसा विसंबणार? या रास्त शंकेचा आधार बड्या रुग्णालयांच्या मालकांनी घेतला, लहान डॉक्टरांना पुढे केले आणि सवलतीच्या जमिनीवर उभ्या असलेल्या रुग्णालयांखेरीज जवळजवळ सारे खासगी क्षेत्र कायद्याबाहेर काढले. हक्काचा कायदा करावयाचा आणि त्याच्या मागे पैसा उभा करावयाचा नाही, यामुळे हक्काचे शत्रू बळकट होतात. कायदा करणाऱ्या सरकारचीही ही गंभीर चूक होती.

गावाच्या हातातील पैसा

निधी थेट लोकांच्या हाती देण्याचा प्रयोगही झाला आहे. १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात प्रत्येक गावच्या आरोग्य समितीला आणि प्रत्येक उपकेंद्राला वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित निधी देण्याची तरतूद होती. रक्कम तुटपुंजी होती, परंतु कल्पना महत्त्वाची होती. २००७ पासून राजस्थान व महाराष्ट्रासह नऊ राज्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत तो प्रथम राबवला गेला. जनसुनवाईत आदिवासी स्त्रिया उभ्या राहिल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर का नाही, बाहेरून औषध आणावयास का सांगितले, असे प्रश्न त्यांनी अधिकाऱ्यांना समोरासमोर विचारले. जेथे संघटना जागी होती तेथे दहा हजार रुपयांतूनही उपकेंद्राला पाणी आले. जेथे संघटना नव्हती तेथे तोच पैसा सरपंच व ग्रामसेवकाच्या सह्यांत विरून गेला.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्यासाठी ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली. ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांच्या नावे आरोग्याचा एवढा मोठा निधी निघाला. परंतु आपल्या पंचायतीच्या वाट्याला किती आले आणि त्याचे काय झाले, हे किती ग्रामसभांत विचारले गेले? प्रश्न विचारणारी संघटना नसेल तर विकेंद्रीकरण म्हणजे ठेकेदारीचे विकेंद्रीकरण ठरते.

या पैशाला अर्थ येतो तो माणसांमुळे. अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवून दाखवले. त्याच जातीच्या प्रयोगांतून आजची आशा सेविका जन्मली. राजस्थानात तिला 'आशा सहयोगिनी' म्हणतात. परंतु जिच्या खांद्यावर सारी ग्रामीण आरोग्यव्यवस्था उभी आहे तिला शासन कामगार मानावयास तयार नाही. तिला वेतन नाही, 'मानधन' आहे! महाराष्ट्रातील आशांनी २०२३-२४ मध्ये संप केला, आझाद मैदानावर ठाण मांडले, तेव्हा कोठे मार्च २०२४ मध्ये राज्याच्या मानधनात दरमहा ५,००० रुपयांची वाढ पदरात पडली.

जो आजार देतो त्याने भरावे

राजस्थानने आणखी एक मार्ग दाखवला आहे. जयपूरजवळच्या सिकंदऱ्याचे दगड कोरणारे कारागीर आणि करौली, जोधपूरच्या खाणींतील मजूर सिलिकोसिसने तरुण वयात मरतात. देवळांच्या आणि बंगल्यांच्या कमानी ज्यांच्या छिन्नीतून उतरतात त्यांच्या फुप्फुसांत दगडाची धूळ साचते. कामगार संघटनांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये राज्याने न्यूमोकोनिओसिस धोरण जाहीर केले. त्यानुसार आजाराचे प्रमाणपत्र मिळाल्यावर तीन लाख आणि मृत्यूनंतर वारसांना दोन लाख रुपये मिळू लागले. यासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानांचा निधी आणि बांधकाम कामगारांसाठीचा उपकर उपयोगात येतो. जो उद्योग नफा कमावतो आणि आजार वाटतो, त्याच्याकडूनच वसुली करण्याचे तत्त्व यात आहे. मात्र मेल्यानंतर पैसे देण्यापेक्षा धूळ रोखणारी ओली छिद्रण पद्धत सक्तीची करणे अधिक माणुसकीचे आहे. भरपाई देऊन मालकाची सुटका होत असेल तर तो निधी मृत्यूचा दर ठरवणारा तक्ता होऊन बसेल.

महाराष्ट्राने आरशात पाहावे

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांवर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखण्याचे बंधन आहे. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने ही योजना लागू झाली. तरीही एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातील एका नामांकित धर्मादाय रुग्णालयाने दहा लाख रुपयांची आगाऊ रक्कम मागितल्याचा आणि त्यापायी एका गर्भवती महिलेला जीव गमवावा लागल्याचा आरोप झाला, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. ऑक्टोबर २०२३ च्या प्रारंभी नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बालके होती. कागदावरील निधी आणि रुग्णाच्या उशाशी पोहोचणारा निधी यांतील अंतर जयपूरइतकेच पुण्यात आणि नांदेडातही आहे.

प्रश्न देशाच्या ऐपतीचा नाही. १९४६ मध्ये भोर समितीने सांगितले होते की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहता कामा नये. १९७८ मध्ये सोव्हिएत संघातील आल्मा-आता येथे जगातील राष्ट्रांनी 'सर्वांसाठी आरोग्य' या ध्येयावर सह्या केल्या. भारतही त्यात होता. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराला कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले, तेव्हा पश्चिम बंग खेत मजदूर समितीने दाद मागितली आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की वेळेवर आणीबाणीचा उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची टंचाई ही सबब सरकारला सांगता येणार नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्य खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. जनतेच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचे प्रमाण २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून ३९.४ टक्क्यांवर आल्याचे हेच लेखे सांगतात. ही घट मान्य केली तरी आरोग्यावर खर्च होणाऱ्या दर शंभर रुपयांतील एकोणचाळीस रुपये अजूनही आजारी माणसाच्या घरातूनच येतात.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढील कामे स्पष्ट आहेत. राजस्थानातील आरोग्य हक्क कायद्याचे नियम जाहीर व्हावेत, आणीबाणीच्या उपचारांसाठी स्वतंत्र निधी निश्चित मुदतीत भरपाई देणारा असावा आणि असा कायदा महाराष्ट्रासह प्रत्येक राज्यात व्हावा, ही मागणी जनसंघटनांनी उचलली पाहिजे. औषधे व तपासण्या सर्वांना विनामूल्य मिळाव्यात, रिक्त जागा कायम नेमणुकांनी भराव्यात आणि आशांना कामगाराचा दर्जा व किमान वेतन मिळावे, यासाठीचा लढा त्याच मागणीचा भाग आहे. त्याचबरोबर, हाती आहे त्या निधीवरचा पहारा सोडता कामा नये. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीचे इतिवृत्त मागावे, धर्मादाय रुग्णालयातील राखीव खाटांची यादी दारावर लावण्यास भाग पाडावे, ग्रामसभेत आरोग्य निधीचा जमाखर्च वाचून घ्यावा. ही कामे लहान दिसतात. पण याच कामांतून रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कळते की खिडकीपलीकडचा पैसा त्याच्याच घामाचा आहे.

अनुदान वाढावे, देणग्याही याव्यात, त्यांना विरोध असण्याचे कारण नाही. मात्र देणगी बंद पडली तर दाद मागता येत नाही, आणि हक्क नाकारला तर मागता येते. राजस्थानच्या विधानसभेने हा हक्क एकदा मान्य केला आहे. संघटित श्रमिकांनी तो कागदावरून दवाखान्याच्या दारापर्यंत नेला पाहिजे.